नुसता व्यायाम

किर्यात मलाखी
११ नोव्हेंबर १९६२

अहो,

बाजूच्या ब्लॉकमधला सॅमसन तुमच्याच तांब्याच्या खाणीत लागलाय म्हणे. त्याच्याबरोबर तुमची लोकरीची बंडी आणि जाड मोजे पाठवलेत. एलातला थंडी नसते असं लोक म्हणतात, पण पहाटे चारला उघड्यावर उभं राहणाऱ्या माणसाला कुठेही थंडी वाजते.

लिहिणार नव्हते. सण संपले तसे तुम्ही पेटी उचललीत, बसमध्ये बसलात आणि मागे वळून बघितलंसुद्धा नाहीत. तेव्हाच ठरवलं होतं, या माणसाला आता एक ओळ लिहायची नाही. पण एस्तेर कामावरून आली की आधी टपालपेटी उघडते, आणि मग माझ्याकडे अशी बघते की जणू मीच तुम्हांला ढकलून बसमध्ये घातलं. म्हणून लिहितेय.

काय मागितलं होतं हो तुमच्याकडे? पोरीचं लग्न आणि त्यासाठी एक वाक्य. अमनोन मोरोक्कोवाल्यांचा असला म्हणून काय झालं, सालस मुलगा आहे, एस्तेरवर जीव टाकतो. यंदाच्या नव्या हुकुमानं आपल्या बेने इस्राएल मुलीला बाहेरच्या यहुद्याशी लग्न करायचं तर आई, आईची आई, तिचीही आई, सगळ्यांचे दाखले हवेत. आम्ही काय आभाळातून पडलो? पण म्हटलं, असू दे. अलिबागच्या मावशीनं सिनेगॉगच्या जुन्या वहीतून उतारे काढून पाठवले. लग्नं नोंदवणाऱ्या रब्बींनी ते चष्मा लावून वाचले आणि मान डोलावली. सगळं जुळत आलं होतं. फक्त एवढंच राहिलं की कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, मुलीचा बाप रोज पहाटे सूर्याला नमस्कार घालतो. कोणी सांगितलं ते देव जाणे. या शिकूनमध्ये, सरकारी वसाहतीत, कोणाच्या घरात काय शिजतंय ते तीन जिने लांब कळतं.

रब्बी वाईट माणूस नव्हता, हे तुम्हीही कबूल कराल. म्हातारा, दमलेला, समोर चहाचा ग्लास थंड होत चाललेला. तुम्हांला म्हणाला, "मला एवढंच सांग की हा व्यायाम आहे. मी व्यायाम असं लिहितो आणि वही मिटतो." माझ्या मनात आलं, सुटलो बाई एकदाचे. आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावलंत. पाव तास. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं म्हणून नक्की सांगते, पाव तास. मग म्हणालात, "नुसता व्यायाम आहे असं मला म्हणता येणार नाही." मग पूजा आहे का? "पूजाही नाही." मग आहे तरी काय? तर म्हणे, "सांगता येत नाही." रब्बींनी दाखले परत पाकिटात घातले आणि म्हणाले, सांगता येईल तेव्हा या.

अहो, गिरणीत पोटात दुखतंय सांगून ब्रेबॉर्नला मॅच बघायला जात होतात ना? तेव्हा नाही जीभ अडली. साहेबासमोर खोटं चालतं आणि मुलीसाठी चालत नाही, हा कुठला हिशेब?

ठाण्याच्या त्या वर्षाचं मला सांगू नका. मला सगळं आठवतं. त्याचा इथे काही संबंध नाही.

बंडी धुऊन वापरा. नवीन नाही, पण ऊब देईल.

एस्तेरची आई


किर्यात मलाखी
२० जानेवारी १९६३

अहो,

पत्र मिळालं. दोन महिन्यांनी आठ ओळी. एस्तेरनं तीनदा वाचून घेतलं माझ्याकडून. तिला मराठी कळतं, पण वाचता येत नाही, आणि बोलायला गेलं तर उत्तर हिब्रूतच. वाचून झाल्यावर म्हणाली, "दाय, इम्मा," पुरे आता. आणि आत गेली.

तुम्ही लिहिता, ठाण्याला असताना बरं होतं. उगवतीकडे तोंड करून आसनं, नमस्कार, श्वास, आणि ते संपलं की वळून मावळतीकडे तोंड करून शेमाची प्रार्थना, कारण जेरुसलेम तिकडे. मध्ये एक वळणं होतं, त्यामुळे एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते पायांनाच कळायचं. इथे किर्यात मलाखीत आलात आणि जेरुसलेमही उगवतीलाच निघालं. वळायचं काही राहिलं नाही. पहिल्या आठवड्यात तुम्ही सवयीनं मावळतीकडे वळलात, मग लक्षात आलं की तिकडे तर अश्दोदचा समुद्र आहे, आणि परत फिरलात. त्यानंतर नमस्कार आणि शेमा एकाच जागी, एकाच श्वासात होऊ लागले. म्हणून आता ते वेगळे करून सांगता येत नाहीत.

वाचून मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, मग नमस्कार मावळतीकडे तोंड करून घाला! कोण अडवतंय? समुद्राला नमस्कार घातले म्हणून कोणी रब्बी विचारायला येणार नाही. वेगळं करता येत नाही म्हणे. तांदूळ आणि खडे एकत्र झाले तर आम्ही बायका बसून वेगळे करतोच ना?

आणि तिथे एलातला जेरुसलेम उत्तरेला आहे, तिथे पुन्हा वळावं लागतं, असं शेवटी लिहिलंय. त्यात तुम्हांला समाधान वाटतंय की दुःख, ते मला कळलं नाही.

मला आठवतं, तालमीतले मास्तर आपल्याकडे एकदा दारात आले होते. आत आले नाहीत. मी त्यांना म्हटलं होतं, "मास्तर, आमच्या ह्यांना सूर्याची बारा नावं घ्यायला लावू नका हो, आमच्यात चालत नाही." ते हसून म्हणाले, "बाई, मी त्याला फक्त श्वास घ्यायला शिकवतो. श्वास दिला कोणी ते त्याचं त्यानं बघावं." तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता वाटतं, त्या माणसानं सरळ ड्रिल म्हणून शिकवलं असतं तर आज ही वेळ आली नसती.

इथे सगळं ठीक आहे. मी पॅकिंग हाऊसात जाते, संत्र्यांचा मोसम चालू आहे, हातांना दिवसभर सालींचा वास. अमनोनची आई बतशेवा परवा भेटली, चांगली बोलली. लग्नाचं काही बिघडलेलं नाही, थोडा उशीर होतोय इतकंच. काळजी नको.

एस्तेरची आई


किर्यात मलाखी
२१ एप्रिल १९६३

अहो,

अनशी धाकाचा सण तुमच्याविना झाला. पेसाह म्हणा हवं तर, एस्तेर तसंच म्हणते. हगादा, सणाची पोथी, वाचायला बाजूचे मेनाशेकाका आले. भरभर वाचून जेवले आणि गेले.

गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. बतशेवा चांगली बोलली नव्हती. पॅकिंग हाऊसच्या फाटकापाशी सगळ्यांसमोर म्हणाली, "ज्या घरातला बाप उन्हाच्या पाया पडतो त्या घरात मी मुलगा कसा देऊ? रब्बींचा कागद आण, मग मी स्वतः मेंदी घेऊन येते." मी संत्र्यांची पेटी खाली ठेवली आणि भांडले. मोडक्यातोडक्या हिब्रूत किती भांडता येतं, तेवढं भांडले. घरी आले तर एस्तेर अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. दोन दिवस जेवली नाही. अमनोन येऊन जिन्यात बसायचा, ती दार उघडायची नाही.

आणखी एक. हे लिहायला पाच महिने लागले. रब्बींच्या कानावर कोणी घातलं, देव जाणे, असं मी लिहिलं होतं. देवही जाणे आणि मीही जाणे. मीच सांगितलं.

दाखले घेऊन पहिल्यांदा मी एकटीच गेले होते ना, तेव्हा बतशेवा शेजारच्या खुर्चीवर बसली होती, डोक्याला तिचा तो भारी रुमाल. रब्बींनी विचारलं, घरात देवाचं भय आहे का? मला वाटलं, आता दाखवते हिला. मी म्हटलं, "माझे यजमान अख्खं गाव झोपलेलं असताना उठतात. गार पाण्यानं आंघोळ करतात. उगवतीकडे तोंड करून उभे राहतात, वाकतात, जमिनीवर पालथे होतात, पुन्हा उठतात, श्वास कोंडून बसतात, आणि मग तिथेच बसून शेमा म्हणतात. पावसात, तापात, कधी चुकले नाहीत. असा देवभक्त माणूस तुमच्या मोरोक्कोत तरी आहे का?" अहो, ठाण्याला हे ऐकून कोणीही हात जोडले असते! आपल्या सिनेगॉगात प्रार्थना म्हणणारे हझान तुमचं उदाहरण देत होते पोरांना. मी सर्टिफिकेट दाखवावं तसं ते दाखवलं. रब्बींची लेखणी थांबली तेव्हाही मला कळलं नाही, मी आपली बोलतच राहिले.

आणि वर तुम्हांलाच म्हटलं, तुमच्यामुळे पोरीचं वाटोळं झालं. तुम्ही ऐकून घेतलंत. एका शब्दानं म्हणाला नाहीत की सिम्हा, सांगितलं कोणी? तुम्हांला तेव्हाही माहीत होतं का?

आता चांगलं लिहिते. लग्न ठरलं. ११ जून, मंगळवार. रब्बींना हवा होता तो कागद मिळाला. कसा मिळाला ते समोर सांगेन. तुम्ही रजा काढून दोन दिवस आधी या. मलिद्याच्या विधीला घरचा पुरुष हवा, नारळ मी अश्केलोनहून आणवलेत.

सिम्हा


किर्यात मलाखी
२६ मे १९६३

अहो,

समोर सांगेन म्हटलं होतं, पण समोर सांगितलं तर तुम्ही तिथल्या तिथे वळून परत जाल. तेव्हा आधीच सांगते.

तो कागद मी केला. मेनाशेकाकांनी हिब्रूत लिहून दिला. त्यांना मी सांगितलं, तुम्ही एलातहून तसं कळवलंय. ते भले गृहस्थ, त्यांनी विश्वास ठेवला. कागदावर असं आहे: "मी, रूबेन शालोम अष्टमकर, लिहून देतो की मी सकाळी ज्या हालचाली करतो तो नुसता व्यायाम आहे. त्याचा देवाशी काही संबंध नाही." खाली मराठीत सही. तुमची सही मला येते. तुम्ही "रू"च्या शेपटीला जो वळसा देता तोही येतो.

तेवीस वर्षांच्या संसारात मी तुमचं नाव तोंडानं घेतलं नाही. आपल्या लग्नात मांडवात बायकांनी हट्ट केला तेव्हा एकदा घेतलं तेवढंच. आणि आयुष्यात पहिल्यांदा ते लिहिलं ते असं लिहिलं. सही करताना थांबलेसुद्धा नाही, तेही सांगते. थांबायला हवं होतं. एस्तेर आतल्या खोलीत रडत होती आणि मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

एस्तेरला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, अब्बा विरघळले. त्या दिवसापासून जेवते, गाते, तुमचा फोटो पुसून पुन्हा लावलाय.

आता खरी अडचण. रब्बींनी कागद बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "ठीक. लग्नाच्या दिवशी बाप आला की त्याला एकदा तोंडी विचारेन." म्हणजे मांडवात तुम्हांला विचारणार. तुम्ही "ही सही माझी नाही" म्हणालात तर बतशेवा अमनोनचा हात धरून तिथून निघेल. माझी अब्रू गेली तर जाऊ दे, मी त्याच लायकीची आहे. पण एस्तेर त्या वेळी नवरीच्या कपड्यात उभी असेल.

तेव्हा विचार करून ठरवा. "माझी" म्हणता येत असेल तर या. येत नसेल तर येऊ नका. मी सांगेन खाणीत अपघात झालाय, रजा मिळाली नाही, काहीतरी सांगेन. बापाला मुलीच्या लग्नाला येऊ नका असं लिहिणारी बाई मी, माझं मलाच ओळखू येत नाही.

सिम्हा


किर्यात मलाखी
१६ जून १९६३

अहो,

तुम्ही आलात.

मला वाटलं होतं, पत्राचं उत्तर नाही म्हणजे माणूस येत नाही. मंगळवारी दुपारी मी जिन्यात खुर्च्या मोजत होते आणि तुम्ही खालून वर येताना दिसलात. पांढरा शर्ट, हातात तीच पेटी. काळे पडलात, गाल आत गेले. मी म्हटलं, "जेवलात का?" तुम्ही म्हणालात, "बसमध्ये खाल्लं." पाच दिवस झाले, तेवढंच बोलणं माझ्या वाट्याला आलं.

तुम्ही लगेच गेलात, म्हणून मागचं सांगते. मेंदीवरून आमची आणि बतशेवाची आदल्या दिवशी जुंपली होती. त्यांच्यातही मेंदी लागते, आमच्यातही लागते, आधी कोणाची? शेवटी एका हाताला त्यांची, एका हाताला आमची. एस्तेर हसून हसून दमली. लग्नानंतर बतशेवानं मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "तुझा नवरा सज्जन आहे, तोंडावरून कळतं."

रब्बींनी तुम्हांला बाजूला बोलावलं तेव्हा मी हातात सरबताचे ग्लास घेऊन खांबाआड उभी होते. त्यांनी खिशातून कागद काढला. तुम्ही तो हातात घेऊन वाचलात. प्रार्थनेचं पुस्तक, सिद्दूर, वाचता तसा, बोट ठेवून, एकेक अक्षर. दोन ओळींचा कागद वाचायला किती वेळ लावलात! रब्बी म्हणाले, "ही सही तुझी?"

तुम्ही म्हणालात, "माझी."

रब्बींनी खाली बघितलं, कागद घडी करून खिशात घातला. आणि लग्नाचा करारनामा, केतुबा, वाचायला घेतली. एस्तेरच्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही आशीर्वाद म्हटलात तेव्हा तुमचा आवाज कुठेही अडखळला नाही. मग सगळे आपल्या रीतीप्रमाणे एकमेकांचे हात हातात घेऊन बोटं ओठांना लावत होते. तुम्ही बतशेवाचे घेतलेत, मेनाशेकाकांचे घेतलेत. माझ्यापाशी आलात आणि पुढे गेलात.

मला राग आला नाही. आधी आला असता. पोरीचं लग्न लागलं, मला दुसरं काही नको, असं मी मनाशी म्हणतेय, पण ते खरं वाटत नाही. एवढं तरी कळवा की सुखरूप पोचलात.

सिम्हा


किर्यात मलाखी
१ मार्च १९६४

अहो,

होळीच्या सणाला, पुरीमला, सॅमसन घरी आला होता. त्याच्या बायकोला करंज्या द्यायला गेले तर म्हणाला, "वहिनी, रूबेनभाऊ आता आमच्यासारखेच झाले. भोंगा वाजला की उठतात, भोंगा वाजला की झोपतात. सकाळचं ते सगळं बंद केलं त्यांनी." मी विचारलं, कधीपासून? "लेकीच्या लग्नाहून आले तेव्हापासून." आणि सिनेगॉग? "तिथेही येत नाहीत. शनिवारी खाटेवर पडून असतात." मी म्हटलं, आजारी आहेत का? त्यानंही हाच प्रश्न तुम्हांला विचारला होता म्हणे. तुम्ही त्याला म्हणालात, "अरे, तो नुसता व्यायाम होता. आणि व्यायाम मला कधीच आवडला नाही."

करंज्यांचं ताट माझ्या हातातच राहिलं.

मी समजत होते, तुम्ही मांडवात एक शब्द बोललात, पोरीसाठी, आणि तो तिथेच संपला. तुम्ही तो खरा करायला घेतलात. तोंडानं कबूल केलं ना, मग तसंच जगून दाखवायचं. असा कसा हो तुमचा स्वभाव! माणसं दिवसातून दहा वेळा खोटं बोलतात आणि गाढ झोपतात.

ठाण्याच्या त्या वर्षाचं सांगू नका, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. आता मीच सांगते, कारण आपल्या दोघांशिवाय ते कोणाला माहीत नाही.

पंचेचाळीस साली इमॅन्युएल टायफॉइडनं गेला. चार वर्षांचा होता. त्याला पुरून आल्यावर तुम्हांला कद्दीश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता येईना. हझान शब्द सांगायचे, तुमचे ओठ हलायचे नाहीत. शेमासुद्धा येईना. आपल्यात मूल बोलायला लागतं ते शेमापासून, मरताना म्हणतात तीही शेमा, आणि तुम्ही ती विसरलात. विसरला नव्हतात, तुम्ही देवाशी बोलणं टाकलं होतं. गिरणीतून येऊन पायरीवर बसायचात. माझ्याशीही बोलत नव्हतात. एस्तेर माझ्या पोटात होती, आणि मला वाटायचं, हाही माणूस माझ्या हातचा गेला.

तेव्हा मास्तरांनी तुम्हांला तालमीत नेलं. सहा महिने तुम्ही नुसतं वाकणं आणि श्वास घेणं केलंत. मला ते वेडेपण वाटायचं. मग एक दिवस पहाटे मी उठले, दाराच्या फटीतून बघितलं. तुम्ही डोळे मिटून बसला होतात, श्वास सोडलात, आणि त्या श्वासाबरोबर शेमा बाहेर पडली. सगळी, शेवटपर्यंत. मग वळलात आणि जेरुसलेमकडे तोंड करून पुन्हा म्हटलीत. तुम्ही रडत होतात. मी आत जाऊन चादर तोंडात कोंबून रडले. तुम्हांला कधी सांगितलं नाही की मी बघितलं होतं.

म्हणजे मला माहीत होतं. रब्बींच्या खोलीत तुम्ही पाव तास गप्प बसलात तेव्हा काय आठवत होतात ते मला माहीत होतं. आणि तरी मी मेनाशेकाकांना सांगितलं, लिहा, देवाशी काही संबंध नाही.

एस्तेरला सातवा महिना आहे. तुम्ही पुन्हा सुरू करा. एवढंच मागते. दुसरं काही मागायचं तोंड मला नाही.

सिम्हा


किर्यात मलाखी
१० सप्टेंबर १९६४

अहो,

नात झाली ते एस्तेरनं कळवलं होतं, तुमची तारही आली होती. चार महिन्यांची झाली. नाक आमच्याकडचं, बाकी सगळी बतशेवाची. माझ्या मार्चच्या पत्राला तुम्ही उत्तर दिलं नाहीत. सॅमसन म्हणतो, अजून तसेच पडून असता.

या उन्हाळ्यात जेरुसलेमला आपली माणसं धरणं धरून बसली, तुम्हांला रेडिओवर कळलंच असेल. आता तो हुकूम बदलला, आम्ही यहुदी आहोत असं सरकारनंही म्हटलं. लोकांनी इथे मिठाई वाटली. मला गोड लागली नाही. कारण त्याच्या महिनाभर आधी, काही ठरलेलं नव्हतं तेव्हा, मी रब्बींकडे गेले होते.

आधी एस्तेरला सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, तिच्या भावाचंही. तिला भाऊ होता एवढंच ठाऊक होतं. ती खूप ओरडली. म्हणाली, "माझं लग्न त्या कागदावर उभं आहे. मोडलं तर माझ्या मुलीला काय म्हणतील?" मी म्हटलं, तू नको म्हणालीस तर जाणार नाही. ती बाळाला घेऊन फेऱ्या मारत राहिली. मग मराठीत म्हणाली, "चल. मी पण येते." किती वर्षांनी माझ्याशी मराठीत बोलली ती!

रब्बी आणखी म्हातारे झालेत. मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानंच सांगितलं, "सही माझी आहे. माझा नवरा जे करत होता तो व्यायाम नव्हता. त्यातून तो देवाशी बोलत होता. मूल गेल्यावर त्याची प्रार्थना बंद पडली होती, ती त्या श्वासातून परत आली. तो सूर्याच्या पाया पडत नव्हता. पण त्याचा देवाशी संबंध नाही असं मी लिहिलं, ते खोटं आहे. आता जे करायचं ते करा."

त्यांनी एस्तेरच्या मांडीवरच्या बाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "मला माहीत होतं. जो माणूस माझ्यासमोर पाव तास खोटं न बोलता बसला, तो असा कागद लिहील हे मला पटलंच नव्हतं."

मी म्हटलं, मग लग्न कसं लावलंत?

"तुझ्या आजीचे दाखले पुरेसे होते," ते म्हणाले. "पहिल्या दिवशीच पुरेसे होते. त्या वर्षी वरून इतकी विचारणा होत होती, मी भ्यालो आणि नको ते मागितलं. मांडवात त्याला विचारलं ते कागद परत देण्यासाठी. तो नाही म्हणाला असता तरी मी कागद फाडून लग्न लावणार होतो. तो हो म्हणाला. मग माझ्यात धीर राहिला नाही."

ऐकलंत? तुमच्या त्या एका शब्दाची गरजच नव्हती. माझ्या सहीचीही नव्हती. दोन ओळी मी फुकट लिहिल्या आणि तुम्ही त्या स्वतःच्या अंगावर घेतल्यात. हे तुम्हांला कळवायला मला दीड महिना लागला, कारण हे वाचून तुम्हांला काय वाटेल याचा विचार केला की मी पत्र अर्धवट टाकून उठत होते. कागद त्यांनी मला दिला. सोबत ठेवलाय.

बुधवारी दारफाळणीचा उपास. एस्तेर योम किप्पूर म्हणते. देवाचं देव माफ करतो, पण माणसाचं माणसाकडे जाऊन मागावं लागतं, आणि दार बंद व्हायच्या आत मागावं लागतं. म्हणून मागते. रब्बींसमोर मिरवले त्याची माफी. तुमच्या नावानं लिहिलं त्याची माफी. फटीतून बघितलं होतं ते अठरा वर्षं लपवलं आणि तुम्हांला एकटं बसू दिलं, त्याची सगळ्यांत जास्त.

तुम्ही माफ केलं नाहीत तरी मी समजेन. घरी आला नाहीत तरी एस्तेरला आणि स्वतःला काहीतरी सांगेन, मला सांगता येतं, तुम्ही बघितलंच आहे. माझ्याशी बोलणं टाकलंत ते मी सोसते. पण माझ्यापायी तुम्ही देवाशी बोलणं टाकलंत, ते मला सोसत नाही हो.

तेव्हा एवढं करा. उद्या भोंग्याच्या आधी उठा. वळायचं असलं तर वळा, नसलं तर नका वळू, कोणाला काही सांगू नका. माझ्याकडे नका येऊ. त्याच्याकडे जा.

सिम्हा